करकंबची घरपट्टी : एका मागणीबिलाचे वाचन

पंढरपुराहून टेंभुर्णीकडे जाणाऱ्या रस्त्यावर वसलेले करकंब हे गाव लोकवस्तीने, बाजारपेठेने आणि उदीमाने एखाद्या लहान शहराची बरोबरी करणारे असले, तरी त्याचा कारभार नगरपरिषदेकडे नसून ग्रामपंचायतीकडे आहे; आणि त्यामुळे येथील गृहस्थाच्या हाती दरसाल पडणारे कराचे मागणीबिल, पंढरपुरात राहणाऱ्या त्याच्या सोयऱ्याच्या बिलाहून निराळ्या कायद्यातून, निराळ्या नियमांनी आणि निराळ्या हिशेबाने तयार होऊन येते. शिपाई बिल देऊन जातो, घरातले कोणी तरी तळाचा एकूण आकडा पाहते, गेल्या सालापेक्षा तो वाढला असेल तर चार शब्द बोलले जातात, आणि मग तो कागद विजेच्या बिलांबरोबर खिळ्याला अडकवला जातो. वरच्या रकान्यांत काय लिहिले आहे, ते कोणी लिहिले, कशावरून लिहिले आणि ते खरे आहे की नाही, याची विचारपूस क्वचितच होते.

ही विचारपूस व्हावी, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच. घरपट्टीवरून गावोगावी जे वाद होतात, ते ऐकताना असे वाटते की लोकांचा सगळा रोष दरावर आहे; परंतु दर हा नियमांनी ठरवून दिलेल्या किमान आणि कमाल मर्यादांच्या आत बसवावा लागतो, आणि त्यात एका घराला दुसऱ्या घराहून वेगळा न्याय देण्यास फारसा वाव नसतो. अन्याय झालाच तर तो बहुधा नोंदीत होतो: घराची लांबी-रुंदी चुकीची लिहिली गेली, मातीच्या भिंतीचे घर सिमेंटचे ठरले, वीस वर्षांचे घर नवे समजले गेले, पडलेली पडवी कागदावर उभीच राहिली. दराविरुद्ध एकट्या गृहस्थाचे फारसे काही चालत नाही. नोंदीविरुद्ध मात्र हातात मोजपट्टी असलेला कोणताही सामान्य मनुष्य उभा राहू शकतो.

आता या कराचे मूळ पाहू. घरावर पट्टी बसवण्याची प्रथा आपल्याकडे नवी नाही. पेशवाईच्या दप्तरांत घरपट्टीचा आणि कारागीर-दुकानदारांवर बसणाऱ्या मोहतर्फ्याचा उल्लेख वारंवार येतो. तो पैसा मात्र सरकारच्या खजिन्यात जाई. गावाने स्वतःवर कर बसवावा, तो स्वतः वसूल करावा आणि स्वतःच्याच रस्त्या-गटारांवर खर्च करावा, ही कल्पना पुढे ग्रामपंचायतीच्या कायद्यांबरोबर आली आणि १९५८ च्या मुंबई ग्रामपंचायत अधिनियमाने तिला आजचे स्वरूप दिले. हाच कायदा आता महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम या नावाने ओळखला जातो. त्याच्या १२४ व्या कलमात पंचायतीला कोणकोणते कर आणि फी बसवता येतात, याची यादी आहे. इमारतींवरील कर, दिवाबत्ती कर, आरोग्यरक्षण कर, पाणीपट्टी, आठवडेबाजारातील फी, जत्रेवरील कर, यांच्या जोडीला सायकली आणि जनावरे जुंपलेल्या गाड्या यांवरील करही तिथे आहेत; ज्या काळात तो कायदा झाला त्या काळच्या गावाचे चित्रच त्या यादीत उतरले आहे. कर कसा आकारावा याचा तपशील १९६० च्या कर व फी नियमांत दिलेला आहे.

या नियमांत मोठा बदल झाला तो ३१ डिसेंबर २०१५ रोजी. त्यापूर्वी काही वर्षे कराची आकारणी घराच्या क्षेत्रफळावरून होत असे. म्हणजे इतके चौरस फूट, अमुक प्रकारचे बांधकाम, तर इतका कर. त्या पद्धतीला न्यायालयात आव्हान मिळाले, वसुलीत व्यत्यय आला, आणि अखेर शासनाने मालमत्तेच्या भांडवली मूल्यावर कर आकारण्याची रीत नियमांत आणली. आज करकंबच्या बिलात जो आकडा येतो, तो या रीतीचा परिणाम आहे, आणि ती रीत समजून घेण्यास शाळेतल्या गुणाकार-भागाकारापलीकडे काही लागत नाही.

भांडवली मूल्य म्हणजे घराची करापुरती मानलेली किंमत. बाजारात ते घर किती रुपयांना विकले जाईल, याच्याशी तिचा थेट संबंध नाही. ती काढताना दोन रकमा एकत्र करतात. पहिली रक्कम जमिनीची: इमारतीचे क्षेत्रफळ गुणिले त्या गावातील जमिनीचा दर. दुसरी रक्कम बांधकामाची: तेच क्षेत्रफळ गुणिले बांधकामाचा दर, आणि त्याला घराच्या वयाप्रमाणे घसाऱ्याची टक्केवारी लावून येणारा आकडा. हे दोन्ही दर पंचायत मनाने ठरवत नाही. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ज्या वार्षिक मूल्यदर तक्त्याला लोक रेडी रेकनर म्हणतात, त्यातून ते घ्यावे लागतात. दोन्ही रकमांच्या बेरजेला मग वापराचा भारांक लावतात: राहते घर असेल तर एक, म्हणजे काहीच वाढ नाही, दुकान असेल तर सव्वा, कारखाना असेल तर या दोहोंच्या मधला. जे मूल्य निघते, त्याच्या दर हजार रुपयांमागे इतके पैसे, असा कराचा दर असतो, आणि तो झोपडीला व मातीच्या घराला कमी, दगड-विटांच्या घराला त्याहून जास्त आणि स्लॅबच्या घराला त्याहूनही जास्त असतो.

उदाहरण घेऊन पाहिले म्हणजे हे सारे स्पष्ट होईल. पुढील दर केवळ हिशेब समजण्यासाठी धरलेले आहेत. प्रत्यक्ष दर आपल्या गावाच्या तक्त्यातून पाहावेत. समजा, करकंबमध्ये एका कुटुंबाचे स्लॅबचे राहते घर आहे, क्षेत्रफळ ५६ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ६०० चौरस फूट. जमिनीचा दर चौरस मीटरला ५०० रुपये धरू, बांधकामाचा दर १५,००० रुपये धरू, आणि घर बारा वर्षांपूर्वीचे असल्यामुळे त्याचे ८० टक्केच मूल्य हिशेबात घेऊ. जमिनीची रक्कम झाली २८,००० रुपये. बांधकामाची झाली ६,७२,००० रुपये. बेरीज ७,००,००० रुपये. राहते घर असल्याने भारांक एक. हजारी १२० पैसे हा दर लावला, तर वर्षाची घरपट्टी होते ८४० रुपये.

आता याच घराच्या नोंदीत एकच चूक करून पाहा. बारा वर्षांपूर्वीचे हे घर नोंदवहीत अलीकडचे म्हणून लिहिले गेले आणि घसारा लागलाच नाही, असे समजा. बांधकामाची रक्कम ८,४०,००० रुपये होते, एकूण मूल्य ८,६८,००० रुपये होते आणि घरपट्टी येते १,०४१ रुपये ६० पैसे. दर तोच, घर तेच, गावही तेच. पण एका रकान्यातील चुकीच्या सालामुळे दरसाल दोनशे रुपयांहून अधिक रक्कम जादा. आणि हा फरक एकदाच सोसून संपत नाही, कारण आकारणी एकदा झाली की पुढील फेरआकारणीपर्यंत, म्हणजे नियमाने चार वर्षे, तोच आकडा चालतो. ज्या घरात महिन्याचा खर्च ऊसतोडीच्या आगाऊ रकमेवर किंवा दुधाच्या पगारावर चालतो, त्या घराला ही रक्कम क्षुल्लक नाही.

दुसराही एक प्रकार करकंबसारख्या बाजारपेठेच्या गावात पदोपदी आढळतो. घराच्या पुढच्या खोलीत किराणा, शिवणकाम, मोबाईल दुरुस्ती असा काही तरी धंदा सुरू होतो, आणि मागे कुटुंब राहते. अशा वेळी सबंध घराला दुकानाचा भारांक लावणे चुकीचे, आणि दुकानाची नोंदच न करणे हेही चुकीचे. वरच्याच घरातील १४ चौरस मीटरची खोली दुकान धरली, तर तिचे मूल्य १,७५,००० रुपये, त्याला सव्वाचा भारांक लावून २,१८,७५० रुपये. उरलेल्या राहत्या भागाचे ५,२५,००० रुपये. आणि एकूण घरपट्टी ८९२ रुपये ५० पैसे. म्हणजे सालभरात अवघे साडेबावन्न रुपये जास्त. सगळ्या घरालाच दुकान समजले, तर हीच पट्टी १,०५० रुपये होते. एवढ्या हिशेबावरून ध्यानात येईल की नोंद लपवण्यात जेवढा लाभ दिसतो तेवढा तो नसतो, आणि नोंद नीट करून घेण्यात मात्र खरोखर लाभ असतो.

ही नोंद जिथे राहते तिला नमुना आठ म्हणतात. ग्रामपंचायतीच्या दप्तरात जे तेहतीस नमुने ठरवून दिलेले आहेत, त्यांतील हा आठवा, कर आकारणी नोंदवहीचा. त्यात मिळकतीचा क्रमांक, मालकाचे नाव, भोगवटादाराचे नाव, बांधकामाचा प्रकार, बांधकामाचे साल, क्षेत्रफळ, मूल्य, दर आणि त्यावरून निघालेला कर, असे सर्व ओळीने लिहिलेले असते. त्यावरून दरसालची मागणी नवव्या नमुन्यात उतरते, आणि मागणीबिल त्या नवव्या नमुन्याचेच अपत्य आहे. कर भरल्यावर मिळणारी पावती दहाव्या नमुन्याची असते. म्हणून बिलाबद्दल तक्रार करू इच्छिणाऱ्याने बिलाच्या मागे न लागता आधी नमुना आठचा उतारा मागावा. लोकसेवा हक्क अधिनियमाखाली ग्रामपंचायतीने ठराविक मुदतीत द्यावयाच्या सेवांत हा उतारा मोडतो. तो मिळणे ही कोणाची मेहेरबानी नाही.

येथे एका घोटाळ्याचा उलगडा करणे अगत्याचे आहे, कारण त्यापायी कित्येकांचे हेलपाटे होतात. तलाठ्याच्या दप्तरातही एक गाव नमुना आठ-अ आहे. तो शेतजमिनीचा खातेउतारा, सातबाराचा सोबती. ग्रामपंचायतीचा नमुना आठ हा त्याहून सर्वस्वी भिन्न, आणि तो केवळ घरांच्या करापुरता. बँकेने वा एखाद्या कचेरीने ‘आठचा उतारा आणा’ म्हटले, म्हणजे घराचा की शेताचा, हे आधी विचारून घ्यावे. अलीकडे ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी या दोहोंचे मिळून ग्रामपंचायत अधिकारी असे पद झाले आहे आणि तलाठ्यास ग्राम महसूल अधिकारी म्हणू लागले आहेत. पाट्या बदलल्या तरी दप्तरे ज्याची त्याच्याकडेच आहेत.

याहून गंभीर गैरसमज असा, की नमुना आठवर नाव लागले म्हणजे घराची मालकी सिद्ध झाली. तसे नाही. ही नोंदवही कर कोणाकडून घ्यावयाचा हे सांगते. मिळकत कोणाची, हा प्रश्न सोडवण्याचा तिला अधिकार नाही. परवानगीवाचून बांधलेल्या घरालाही कर लागू शकतो, आणि कर भरला म्हणून ते बांधकाम कायदेशीर ठरत नाही. भावाभावांच्या वाटणीत, वडील वारल्यानंतरच्या वारसनोंदीत, किंवा तोंडी व्यवहाराने घेतलेल्या जागेत हा भेद न कळल्यामुळे पुढे दिवाणी दाव्यांची रांग लागते. गावठाणातील घरांना मालकीचा स्वतंत्र दस्तऐवज मिळावा म्हणून ड्रोनच्या साहाय्याने मोजणी करण्याचे काम महाराष्ट्रात प्रथम पुरंदर तालुक्यातील सोनोरी या गावी झाले, आणि २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र शासनाने स्वामित्व योजना या नावाने तेच कार्य देशभर हाती घेतले. त्यातून मिळणारी मिळकत पत्रिका आणि ग्रामपंचायतीचा नमुना आठ, हे दोन्ही कागद शेजारी ठेवून त्यांतील नाव आणि क्षेत्रफळ जुळते की नाही हे पाहणे, हे आजच्या गृहस्थाचे एक आवश्यक कर्तव्य होऊन बसले आहे. घर पतिपत्नी दोघांच्या नावे नोंदवण्याची सोयही नमुना आठमध्ये आहे. ज्यांनी ती अजून घेतली नाही त्यांनी ती घ्यावी, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते, कारण घरधनी गेल्यावर त्याच्या बाईला ग्रामपंचायतीच्या दारात जे सिद्ध करावे लागते, त्यातला बराच त्रास त्या एका ओळीने वाचतो.

घरपट्टीच्या ओळीखाली बिलात आणखी तीन-चार ओळी असतात. दिवाबत्ती कर आणि आरोग्य कर यांविषयी सांगण्यासारखे थोडके आहे: पहिला रस्त्यावरील दिव्यांसाठी, दुसरा झाडलोट, गटारे आणि एकूण स्वच्छतेसाठी. शेतातल्या वस्त्यांवर राहणाऱ्यांची तक्रार असते की आमच्या वस्तीवर खांब नाही, मग दिवाबत्ती कशाची? ही तक्रार न्याय्य आहे, आणि ती बिल थकवून करण्याऐवजी ग्रामसभेत लेखी मांडली तर तिला उत्तर द्यावे लागते.

पाणीपट्टीचे तसे नाही. तिचा थोडा अधिक विचार केला पाहिजे. ती दोन प्रकारची. सामान्य पाणीपट्टी ही गावात सार्वजनिक पाणीपुरवठ्याची व्यवस्था आहे म्हणून बसते, मग घरात नळ असो वा नसो. विशेष पाणीपट्टी ही घरात घेतलेल्या खाजगी नळजोडाबद्दल. बिलातील या दोन ओळी एकच समजून ‘पाणी दोनदा कसे लावले’ असा प्रश्न विचारला जातो, त्याचे उत्तर एवढेच. परंतु या पट्टीची खरी कथा वसुलीत आहे. भीमेवर उजनीचे धरण झाल्यापासून या मुलखात कालव्याचे पाणी खेळले, ऊस वाढला, आणि पाणी म्हणजे शेताला लागणारी गोष्ट, पिण्याचे काय ते आपोआप मिळते, अशी एक समजूत नकळत रुजली. पिण्याचे पाणी आपोआप मिळत नाही. ते उपसावे लागते, शुद्ध करावे लागते, टाकीत चढवावे लागते, आणि त्या पंपाचे वीजबिल ग्रामपंचायतीच्या नावाने दरमहा येते. महाराष्ट्रात कित्येक गावांच्या नळयोजना विहीर आटल्यामुळे नव्हे तर वीजबिल थकल्यामुळे बंद पडल्या आहेत. चार घरांची पाणीपट्टी राहिली तर काही बिघडत नाही, परंतु निम्म्या गावाची राहिली, की उरलेल्या निम्म्या गावाने नेमाने भरूनही त्याच्या नळाला पाणी येत नाही.

आषाढीच्या दिवसांत याचा प्रत्यय येतो. पैठणहून निघालेली एकनाथ महाराजांची पालखी पंढरीच्या वाटेवर करकंबवरून जाते. त्या वेळी गावात हजारो माणसांना पाणी, उजेड, सावली आणि शौचाची सोय लागते. शासनाची मदत वारीसाठी मिळते हे खरे. पण आदल्या दिवशी गटार उपसणारा, दिव्याची तार जोडणारा, टाकीचा व्हॉल्व्ह फिरवणारा मनुष्य हा ग्रामपंचायतीचाच नोकर असतो. या कर्मचाऱ्यांच्या वेतनासाठी शासन जे अनुदान देते, ते अनेक वर्षे गावाच्या करवसुलीच्या टक्केवारीशी जोडले गेले, आणि वसुली कमी म्हणून पगार अपुरा, अशी त्यांची अवस्था झाली. त्याविरुद्ध त्यांच्या संघटनांनी वेळोवेळी आवाज उठवला आहे. गावाने कर थकवावा आणि त्याची झळ झाडूवाल्याच्या चुलीला लागावी, ही व्यवस्था मला अन्यायाची वाटते.

कर भरण्याचे वेळापत्रक सोपे आहे. ग्रामपंचायतीचे वर्ष १ एप्रिलला सुरू होऊन ३१ मार्चला संपते. चालू सालाची घरपट्टी ३० सप्टेंबरच्या आत भरणाऱ्यास पाच टक्के सूट मिळते. वर्ष उलटून बाकी मागे राहिली, की तिच्यावर पाच टक्के दंड चढतो. म्हणजे आपल्या उदाहरणातील ८४० रुपयांच्या पट्टीवर भाद्रपदापर्यंत ४२ रुपये वाचतात, आणि पुढल्या चैत्रानंतर तेवढेच जादा द्यावे लागतात. ही सूट सोलापूर जिल्ह्यातील किती घरे घेतात हे बाजूला राहो. ऊसबिलाचे पैसे हाती येतात तो हंगाम आणि सुटीची मुदत यांचा मेळ बसत नाही, हे मात्र शेतकऱ्याच्या घरात वावरलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही. पैसे रोख दिले असोत वा ऑनलाइन, दहाव्या नमुन्याची पावती घेतल्यावाचून उठू नये, आणि त्या पावतीवर थकबाकी किती व चालू किती हे वेगळे लिहिलेले आहे ना, हे तिथेच पाहून घ्यावे.

न भरणाऱ्यासाठी कायद्याची पायरी-पायरीने जाणारी वाट आहे. आधी बिल, मग मुदत टळल्यास मागणीचा लेखी हुकूम, आणि तो बजावल्यापासून तीस दिवसांत रक्कम न आल्यास जंगम मालाची जप्ती. जप्तीपर्यंत गोष्टी फारशा जात नाहीत. अलीकडे थकबाकीची प्रकरणे राष्ट्रीय लोकअदालतीत ठेवून तडजोडीने मिटवण्याकडे कल आहे. पण एका जागी हा कायदा फार कठोर आहे, आणि तो असावा हे योग्यच. बिल रीतसर बजावल्यानंतर तीन महिन्यांत ज्याने कर भरला नाही, तो ग्रामपंचायतीचा सदस्य होण्यास किंवा राहण्यास अपात्र ठरतो. म्हणूनच निवडणुका जाहीर झाल्या की ग्रामपंचायतीच्या कचेरीत एरवी न दिसणारी मंडळी थकबाकी भरण्यास आणि बेबाकीचा दाखला घेण्यास येतात. जो गावाचा कारभार करू इच्छितो, त्याने आधी गावाचे देणे फेडलेले असावे, या अटीमागे उत्तम नीती आहे.

या पैशाचे होते काय, हा प्रश्न प्रत्येक करदात्याने विचारावा, आणि त्याचे उत्तर मिळवण्याचा अधिकार त्याला आहे. घरपट्टी, पाणीपट्टी, बाजार फी अशा स्वतःच्या उत्पन्नातून पंचायतीने १५ टक्के मागासवर्गीयांच्या कल्याणावर, १० टक्के महिला व बालकल्याणावर आणि ५ टक्के दिव्यांग बांधवांसाठी खर्च केले पाहिजेत, असे बंधन आहे. बाकीचा पैसा दिवे, पाणी, रस्ते, नोकर आणि कचेरी यांवर जातो. वित्त आयोगाचा निधी दिल्लीहून येतो तो वेगळा, आणि पंधराव्या वित्त आयोगाने आपल्या अनुदानाचा ६० टक्के भाग पाणी व स्वच्छता यांसाठीच राखून ठेवला होता. म्हणजे त्या पैशातून काय करावे हे बऱ्याच अंशी वरून ठरलेले. ज्याच्यावर गावाचा स्वतःचा विचार चालू शकतो असा पैसा म्हणजे घरपट्टीचा. ग्रामपंचायतीच्या जमाखर्चाचे आकडे आता ई-ग्रामस्वराज या शासकीय संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतात. हातात मोबाईल असलेल्या गावातील प्रत्येक तरुणाने ते एकदा उघडून पाहावेत.

घराच्या किमतीवर कर बसवणे ही रीत केवळ आपल्याकडची नाही, आणि तिच्यातील दोषही केवळ आपले नाहीत. ब्रिटनमध्ये माणशी सारखाच कर बसवणारा पोल टॅक्स जनतेने उधळून लावल्यावर १९९३ पासून घराच्या किमतीप्रमाणे श्रेणी पाडून कौन्सिल टॅक्स घेतला जाऊ लागला. पण इंग्लंडमध्ये त्या श्रेणी आजही एप्रिल १९९१ च्या किमतींवर उभ्या आहेत, कारण फेरमूल्यांकनाचा रोष पत्करण्यास कोणतेच सरकार धजावले नाही. त्यामुळे तीन दशकांत भरभराटीला आलेल्या वस्त्या जुन्याच किमतीच्या आधाराने कर भरतात. आपल्याकडे चार वर्षांनी फेरआकारणीचा नियम आहे, तो कटकटीचा वाटला तरी त्यामागचा न्याय यावरून दिसावा. मुंबईत २०१० पासून भांडवली मूल्याची रीत आली आणि २०२२ मध्ये पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या राहत्या घरांना मालमत्ता कर माफ झाला. तिकडे नोकरीस असलेली मुले गावी आल्यावर ‘आपल्याला का लागतो?’ असे विचारतात. ती माफी मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीपुरती आहे, ग्रामपंचायतींना ती लागू नाही. माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवा यांच्या एका घरास मात्र २०२० च्या निर्णयाने घरपट्टीची माफी आहे, आणि ती अर्ज केल्यावाचून आपोआप मिळत नाही.

फेरआकारणीच्या वेळी नवी यादी गावात प्रसिद्ध केली जाते आणि हरकती मागवल्या जातात. हाच तो काळ, ज्यात गृहस्थाच्या एका अर्जाला सर्वांत अधिक वजन असते, आणि दुर्दैवाने हाच काळ बहुतेकांच्या ध्यानातून निसटतो. हरकतीचा अर्ज साधा असावा: मिळकत क्रमांक, नोंदीत काय लिहिले आहे, प्रत्यक्षात काय आहे, आणि पुरावा कोणता. बांधकामाचे साल दाखवण्यास घरकुलाचा आदेश, वीजजोडणीची पहिली पावती, बांधकाम परवानगी यांपैकी काहीही चालण्यासारखे आहे. अर्जाची पोच घ्यावी. पंचायतीच्या निर्णयाने समाधान न झाल्यास पंढरपूरच्या पंचायत समितीकडे अपील करता येते, आणि तिच्याही पुढे जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीकडे. अपिलाची पायरी चढण्याची पाळी फार थोड्यांवर येते. कारण नव्वद चौरस मीटर लिहिलेले घर समक्ष मोजून सत्तर भरले, तर कोणताही समंजस अधिकारी ती ओळ दुरुस्त करतो.

तेव्हा करकंबकरांस आणि करकंबसारख्या सर्व गावांतील वाचकांस विनंती अशी, की पुढील ग्रामसभेच्या आत, मग ती २६ जानेवारीची असो वा १ मेची, आपल्या घराचा नमुना आठचा उतारा काढून आणा, घर स्वतः मोजा, उताऱ्यावरील नाव, साल, प्रकार आणि क्षेत्रफळ ताडून पाहा, चूक आढळली तर लेखी अर्ज द्या, आणि चूक नसेल तर ३० सप्टेंबरच्या आत पट्टी भरून पावती घ्या.